फाईल वाचायला शिकताना: विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेण्याची पावणेतीन वर्षं

जून २०२३ मध्ये नोंदणी केली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये चौथा, म्हणजे शेवटचा पाठपुरावा अहवाल पोर्टलवर चढला. मधल्या काळात कोकणातल्या बऱ्याच जोडप्यांचे फोन आले. बहुतेकांचा प्रश्न एकच: ‘स्पेशल नीड’ म्हणजे नेमकं काय, आणि आपल्यासारख्या गावात राहणाऱ्याला ते झेपेल का? त्या सगळ्यांसाठी हे तारीखवार लिहिते आहे. स्वतःबद्दल कमीत कमी आणि कागदांबद्दल जास्तीत जास्त.

आधी दोन गैरसमज. पहिला परदेशाचा. परदेशातल्या अनाथालयातून मूल आणता येतं का, असं कुणीतरी विचारतंच. भारतीय नागरिकाला ते कायद्याने शक्य आहे. पण त्या मुलाच्या देशाचे दत्तक कायदे पूर्ण पाळावे लागतात, आपल्याकडून ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, मंजुरी लागते, आणि मुलाकडे त्या देशाचा पासपोर्ट असेल तर भारतात यायला व्हिसाही लागतो. प्रत्यक्षात प्रवाह उलटा आहे. आपल्याच शिशुगृहांतली विशेष गरजा असलेली कितीतरी मुलं परदेशी पालकांकडे जातात, कारण इथे त्यांच्या नावापुढे कुणी हात वर करत नाही. हे कळल्यावर आम्ही परदेशाचा विचार सोडला.

दुसरा गैरसमज अधिक घातक. ‘अमक्या दवाखान्यात एक बाळ आहे, परस्पर देतील’ असा निरोप गावात कधीतरी येतोच. त्या वाटेला जाऊ नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून असं मूल घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलासाठी पैसे दिले-घेतले तर कलम ८१ लागतं, तिथे कैद पाच वर्षांपर्यंत आहे. असं मूल कुणाकडे असल्याचं कळलं तर १०९८ वर किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं. रस्ता एकच: ‘कारा’चं केअरिंग्ज पोर्टल, म्हणजे दत्तकाचं सरकारी संकेतस्थळ.

जून ते जुलै २०२३: कागद

नोंदणी घरबसल्या होते, तीस दिवसांत कागद अपलोड करायचे असतात. दोघांचे जन्मतारखेचे पुरावे, पॅन, राहण्याचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचा दाखला, कुटुंबाचा अलीकडचा फोटो आणि ओळखीच्या किंवा नात्यातल्या दोघांची शिफारसपत्रं. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याची संमतीही लागते.

यादी लहान दिसते. अडकायला होतं ते नावांत. आमच्याकडे आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि विवाह दाखल्यावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग होतं. पॅन दुरुस्तीत तीन आठवडे गेले. म्हणून नोंदणीचं बटण दाबण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडून एकेक अक्षर ताडून बघा. ही चूक पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात उतरते, आणि मग मुलाच्या जन्मदाखल्यात.

विवाह दाखला नसेल तर गावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते. पगारपत्रक नसलेल्यांना उत्पन्नाचा पुरावा ही खरी अडचण वाटते. आमची कलमांची बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे, त्यामुळे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला आणि जोडीला आयकर विवरणपत्र लावलं. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे सेतू केंद्रात झुंबड असते, तेव्हा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. पावसात वीज आणि रेंज या दोघांचा भरवसा नसतो. सगळे कागद स्कॅन करून फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवलेले बरे.

डॉक्टरांच्या दाखल्यात दीर्घ, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नाही आणि दत्तक घेण्यास व्यक्ती सक्षम आहे, असं स्पष्ट हवं. रक्तदाब किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर लपवू नका. ‘औषधाने नियंत्रणात’ असं लिहून घ्या. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवाच.

वयाचा हिशेब इथेच करून ठेवा. २०२२ च्या दत्तक नियमावलीत पती-पत्नीच्या वयांची बेरीज धरतात: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे अठरापर्यंत ११०. वय नोंदणीच्या दिवशीचं धरलं जातं. आमची बेरीज ८६ भरली. एका वर्षाने तान्हं बाळ हुकलं, याचं त्या रात्री वाईट वाटलं, हे मान्य करते.

ऑगस्ट २०२३: होम स्टडी

गृह अध्ययन अहवालाला सगळे ‘होम स्टडी’च म्हणतात. कागद पूर्ण झाल्यापासून साठ दिवसांत तो व्हायला हवा, शुल्क सहा हजार रुपये, आणि तो तीन वर्षं चालतो. सामाजिक कार्यकर्त्या ताई २० ऑगस्टला आल्या. दोघांशी एकत्र बोलल्या, मग वेगवेगळं, मग सासूबाईंशी. घर झाडून-पुसून प्रदर्शनासारखं मांडायची गरज नाही. त्यांनी पाहिलं ते वेगळंच: मागीलदारच्या विहिरीचा कठडा किती उंच आहे, पाण्याची टाकी कुठे आहे, काजूच्या फवारणीची औषधं कुठे ठेवता, रात्री मूल आजारी पडलं तर गाडी कोणाची. आमच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा होता. तो चिऱ्याने वाढवून वर जाळी टाकली आणि फोटो पाठवले, मग अहवाल पुढे गेला.

विशेष गरजा असलेलं मूल हवं म्हटल्यावर त्यांनी विचारलेला सर्वात उपयोगी प्रश्न असा: “महिन्यातून दोनदा उपचाराला जावं लागलं, तर कुठे जाल, कसं जाल आणि त्या दिवशी घरचं काम कोण बघेल?” उत्तर आकड्यांत द्या. कोकणात खरा खर्च अंतराचा असतो. सिंधुदुर्गातून विशेषज्ञांसाठी एक तर गोव्याला जायचं, नाही तर घाट चढून कोल्हापूरला. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला तर ठरलेली भेट गेलीच. उपचारांचा नकाशा आधी काढा आणि मग कोणती गरज आपल्याला पेलेल ते ठरवा. बहुतेकजण हे उलट करतात.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२३: पोर्टलवरची नावं नसलेली मुलं

निरोगी लहान बाळासाठी रांग तीन वर्षांच्या वर जाते. विशेष गरजा असलेल्या मुलांचा विभाग वेगळा आहे. तिथे रांगेतला क्रमांक आडवा येत नाही, होम स्टडी अपलोड झाला की मूल राखून ठेवता येतं. दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांनाही, नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर, हा विभाग आणि ज्यांना सहज घर मिळत नाही अशी मुलं एवढाच मार्ग उघडा आहे.

तिथे वय, राज्य आणि दोन-चार इंग्रजी शब्द दिसतात. त्या शब्दांनी घाबरून पान बंद करणारे पुष्कळ आहेत. शब्दामागचं वास्तव मात्र फार वेगवेगळं असतं. ‘सीटीईव्ही’ म्हणजे जन्मतः आत वळलेलं पाऊल. दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते सरळ करतात, बहुधा टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) थोडा कापावा लागतो, आणि मग वर्षानुवर्षं झोपताना पट्टीने जोडलेले बूट घालायचे. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा हे बूट नीट न घातल्याने. म्हणून बूट किती तास घालतात, हे संस्थेला विचारा. ‘सीएचडी’ म्हणजे हृदयातला जन्मजात दोष: लहानसं छिद्र आपोआप बुजू शकतं, मोठ्याला शस्त्रक्रिया लागते. तेव्हा शेवटची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाली, हा पहिला प्रश्न. एचआयव्हीच्या चाचणीत अठरा महिन्यांखालच्या बाळात आईची प्रतिपिंडं दिसू शकतात, म्हणून पीसीआर किंवा अठरा महिन्यांनंतरची चाचणी झाल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द अंतिम नसतो.

सर्वात अवघड शब्द ‘डेव्हलपमेंटल डिले’. वाढ मागे पडण्याचं कारण मेंदूत असू शकतं आणि पाळण्यातही. परदेशी दत्तक-वैद्यकात एक ढोबळ हिशेब सांगतात: संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ साधारण एका महिन्याने मागे राहते. एका दाईच्या वाट्याला अनेक मुलं असली की उचलून घेणं आणि बोलणं कमीच होतं. त्यामुळे एका आकड्यावर निकाल देऊ नका. लागोपाठच्या नोंदी मागवा.

जानेवारी २०२४: फाईल

९ जानेवारीला आम्ही घाटावरच्या एका संस्थेतली मुलगी राखून ठेवली. वय एक वर्ष दहा महिने होतं, म्हणजे घरी येईपर्यंत तिला दोन पूर्ण होणार होती. आमच्या बेरजेला दोन वर्षांखालचं मूल चालत नव्हतं, म्हणून ही वयोमर्यादा संस्थेकडून आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून आधी लेखी विचारून घेतली, तिला दोन पूर्ण झाल्यावरच पुढची पावलं पडली. तुमची बेरीज अशी काठावर असेल तर तुम्हीही फोनवर विसंबू नका.

नोंद होती: दुभंगलेला ओठ आणि टाळू, शस्त्रक्रिया झालेली. स्वीकार कळवायला तीस दिवस होते. या काळात दोन कागद मिळतात, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. हे कागद आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरा.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी अहवाल वाचायला चाळीस मिनिटं घेतली. आधी वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांच्या सगळ्या जुन्या नोंदी वाढीच्या तक्त्यावर पेन्सिलीने टिंबं करून मांडल्या. वजन ८.९ किलो, म्हणजे तक्त्याच्या खालच्या कडेला. “कमी आहे, पण बघा, रेषा सोडून पडत नाहीये. डोक्याची रेषाही वर चाललीय,” असं म्हणून त्यांनी ती टिंबं जोडून दाखवली. एकटा आकडा पाहून आम्ही घाबरलो होतो, रेषा पाहून धीर आला. मग त्यांनी तीन गोष्टी मागवायला सांगितल्या. टूडी इको, कारण दुभंगासोबत कधी कधी हृदयाचाही दोष असतो. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरची श्रवणचाचणी, कारण टाळूचे स्नायू कानाची नळी नीट उघडत नसतील तर पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. आणि जेवताना नाकातून दूध किंवा पेज येते का, याचं उत्तर, कारण येत असेल तर टाळूला छिद्र राहिलेलं असू शकतं.

इको स्वच्छ आली. श्रवणचाचणी शस्त्रक्रियेआधीची होती, ती पुन्हा करायला लावली. यात दहा दिवस गेले. तीस दिवसांतले दहा दिवस फार वाटतात, म्हणून मूल राखल्याच्या दिवशीच डॉक्टरांची वेळ घ्या.

नात्यातल्या एका भावोजींनी विचारलं होतं, फाईल बघून ‘नाही’ म्हणायला लागलं तर काय कराल? ‘नाही’ म्हणता येतं. झेपणार नसताना भिडेखातर दिलेला होकार मुलाला जास्त महागात पडतो. मूल घरी नेऊन परत पाठवलं जाणं ही त्याच्यावरची दुसरी ताटातूट असते.

फेब्रुवारी २०२४: भेट आणि घरी आणणं

संस्थेत भेटायला गेलात तर खाण्याच्या वेळी जा. गिळताना ठसका लागतो का, घास कोणत्या बाजूने चावते, हे अहवालात नसतं. दाईंशी बोला. झोपवताना काय म्हणतात, कोणत्या भाषेत बोलतात, भात किती मऊ लागतो, दूध कोणतं, शी-शूसाठी कोणता शब्द, हे सगळं लिहून घ्या. आणि तिचं रोजचं दुपटं न धुता मागून आणा. पहिले पंधरा दिवस ओळखीचा वास तेवढाच असतो.

स्वीकार केल्यापासून दहा दिवसांत मूल ‘दत्तकपूर्व पालकत्व’ म्हणून घरी देतात. हमीपत्रावर सह्या होतात. संस्थेच्या बाल संगोपन निधीचे पन्नास हजार रुपये बँकेतून भरले, पावती घेतली. याशिवाय देणगी म्हणून कुणी काही मागितलं तर देऊ नका, नियमात ते बसत नाही.

घरी आल्यावर गावाला लगेच बोलावू नका. आमच्याकडे पहिले तीन आठवडे फक्त आम्ही दोघं आणि सासूबाई होतो. जेवण घाईघाईत गिळणं, मुठीत पोळीचा तुकडा लपवून झोपणं, रात्री न रडता नुसतं टक्क जागं राहणं ही संस्थेतून आलेल्या मुलांची नेहमीची वागणूक आहे. रडत नाही म्हणून मूल शांत आहे असं समजू नका. माशांचं म्हणाल तर काटा काढलेला मोरी किंवा सुरमईचा तुकडा, तोही टाळू तपासून झाल्यावरच.

मार्च ते जून २०२४: आदेश

सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. संस्था जिथे असेल त्या जिल्ह्यात, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज जातो आणि दोन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो. आमचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला, १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. तेच अधिकारी निवडणुकीचे. ४ जूनला मतमोजणी होईपर्यंत तारीख लागली नाही. या काळात मूल आपल्याकडेच असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ‘कागद नाही म्हणजे मूल आपलं नाही’ ही भीती रोज मध्यरात्री येऊन बसायची. दर पंधरा दिवसांनी कक्षाला नम्रपणे ईमेल करत राहा, फोनवरच्या उत्तराची नोंद राहत नाही.

२१ जूनला सुनावणी झाली. बंद खोलीत, पंधरा मिनिटं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालेलं असतं, तेव्हा आदल्या दिवशीच पोचा. आदेशाच्या मसुद्यात मुलाचं नवं नाव, जन्मतारीख आणि आपल्या दोघांची नावं आपल्या डोळ्यांनी तपासा. त्या आदेशावरूनच पुढे दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला निघतो. आम्हाला तो ऑगस्टमध्ये मिळाला, मग बाल आधार, मग रेशनकार्ड.

त्यानंतर: आरसा

‘चेडू बोलतला मां?’ (मुलगी बोलेल ना?) हा सासूबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. मुलगी बोलायची, पण ‘बाबा’ला ‘मामा’ म्हणायची. घरच्यांना वाटलं, तिला मामा आवडतो. वाचा उपचारतज्ज्ञांनी तिच्या नाकाखाली एक छोटा आरसा धरला आणि ‘पापा’ म्हणायला लावलं. आरशावर वाफ धरली. प, ब, त, द या अक्षरांसाठी हवा तोंडात कोंडावी लागते. टाळू घशाच्या मागच्या भिंतीला पुरता भिडत नसेल तर हवा नाकातून निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो. मूल आळशी नसतं, हट्टीही नसतं.

फुगे फुगवून किंवा शिट्ट्या वाजवून बोलणं सुधारतं, असं सगळे सांगतात. तसं होत नाही. फुंकायचे आणि बोलायचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने चालतात, सराव शब्दांचाच लागतो. आमचा सराव पाच मिनिटांचा, दिवसातून चारदा: पेज, पाट, पोपट, बादली. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष, तीनदा व्हिडिओवर. व्हिडिओसाठी रेंज मिळेल अशी घरातली जागा आधी शोधा, आमची माडीच्या खिडकीत मिळाली. दर सहा महिन्यांनी कान तपासतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका कानात पाणी निघालं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ओसरलं होतं.

पुढे हिरडीच्या हाडाचं रोपण साधारण सात ते अकरा वर्षांत, दातांचं काम त्याच्या आजूबाजूला. दुभंगलेल्या ओठाच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होतात, स्माइल ट्रेन या संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या रुग्णालयांतही होतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी नाव घाला.

‘कारा’च्या यादीतली विशेष गरज आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगून ठेवते. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के असेल तर बहुतेक सवलती मिळतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. ती मूल घरी आल्यावर लगेच काढा.

पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, चार भेटी, प्रत्येकी दोन हजार रुपये. तपासणीची भीती वाटायची, पण ताई मुख्यतः मूल आपल्याकडे धावत येतं का तेच बघतात. भेटीआधी वजन-उंची आणि उपचारांच्या तारखा एका पानावर लिहून ठेवा.

सगळे कागद एकाच पिशवीत आहेत: दोन्ही अहवाल, पेन्सिलीच्या टिंबांचा तो तक्ता, आदेश, पावत्या, संस्थेतल्या दाईंनी सांगितलेल्या शब्दांची वही आणि ते दुपटं. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतःच्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्या दिवशी तिला काय लागेल ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही काहीच फाडलेलं नाही. पिशवी प्लास्टिकच्या डब्यात, वरच्या माळ्यावर, पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवली आहे, आणि डब्यावर तिचं नाव लिहिलं आहे.